तिसरी चांदणी

साक्षरता वर्गाची मास्तरीण माझीच सून. वर्ष संपताना तिनं माझी फाईल उघडली. आपलं वाचन आपणच जोखायचं, तीनपैकी वाटतील तेवढ्या चांदण्या रंगवून. पहिल्या पानावर मी तिन्ही रंगवल्या होत्या. ठरवायचं मीच, तर कमी कशाला घेऊ? अक्षर एकही येत नव्हतं, तो भाग वेगळा.

आज धडा वाचला. जोडाक्षरांपाशी अडखळले, पण पार गेले.

"आत्याबाई, आता रंगवा. तिन्ही झाल्या की वर्ग संपला. माझ्यापुढं बसायची कटकट सुटली तुमची."

"कटकट कधी म्हणाले मी?"

"रोज म्हणता."

मी दोनच रंगवल्या. ती बघतच राहिली.

"बघतेस काय? तिसरी पुढच्या वर्षी. आणि शिकवायला तूच ये. दुसरी कुणी आली तर मी बसायची नाही."