जेवले का, विचार

फोनमधून योहानाचं हसणं ऐकू आलं, तसे तिचे वडील बटाटे सोलायचे थांबले.

विद्यापीठांच्या विद्यार्थी-अदलाबदलीत इंद्रजित जर्मनीत त्यांच्या घरी राहायला आला होता आणि योहाना कोल्हापुरात त्याच्या घरी. तिची आई वारल्यापासून ती वडिलांशी बोलत नव्हती. का, ते त्याने विचारलं नव्हतं आणि त्यांनीही सांगितलं नव्हतं.

आईशी चाललेला फोन त्याने टेबलावर ठेवून स्पीकर चालू केला. पलीकडे थापता थापता योहानाची भाकरी फाटली होती आणि त्याची आई तिला चिडवत होती. वडील मान खाली घालून ऐकत राहिले.

तिच्या नकळत हे ऐकवणं त्याला बरं वाटेना.

"आई, योहानाचे बाबा इथं शेजारीच आहेत. सगळं ऐकायला लागलेत. सांग तिला."

आईने सांगितलं. हसणं थांबलं. आता फोन बंद होणार, असं त्याला वाटलं.

मग योहाना जवळ येऊन मोडक्या मराठीत म्हणाली, "इंद्रजित, ते जेवले का, विचार."

त्याने जर्मनमध्ये विचारलं.

"अजून नाही," वडील म्हणाले. त्याच्याकडे न बघता ते पुढे म्हणाले, "ती जेवली का, विचार."