हेन्नोचा गुडघा

"काकू, हे आपल्यातल्याच कुणाचं तरी काम आहे," नागेश म्हणाला आणि हातातली पोळी तशीच ताटात ठेवली.

सुलक्षणाबाईंनी वरणाच्या पातेल्यावर झाकण टाकलं. अल ऐनमधल्या एका छोट्या फुटबॉल क्लबला त्या दोन वेळचं जेवण पुरवत. नागेश तिथला टीम मॅनेजर.

"हेन्नोचा डावा गुडघा सुजलाय हे मला, कोचला, डॉक्टरला आणि मसाजवाल्या जहूरला माहीत. बस. तरी अबुधाबीवाले मागच्या दोन्ही मॅचला पहिल्या मिनिटापासून त्याच्याच डाव्या बाजूनं घुसले. याला काय योगायोग म्हणायचं?"

हेन्नो एस्टोनियाचा. बचाव फळीत खेळणारा, वय पस्तीस. सोळा वर्षांत सहा देशांतले क्लब झाले होते. शुक्रवारी पुन्हा अबुधाबीशीच सामना होता. त्यात टिकला तर आणखी एक वर्षाचा करार, नाही तर करिअर खलास.

"तुम्हाला कुणाचा डाउट येतो?"

बाईंचा खोटं न बोलण्याचा नेम होता. "नाव घ्यायला नको वाटतं रे. पण जहूरभाई रोज पार्किंगमध्ये जाऊन फोनवर बोलतात. मी जवळून गेले की आवाज खाली."

दुसऱ्या दुपारी जहूर बॅग खांद्याला लावून मागच्या दारात उभा राहिला. रत्नागिरीचा माणूस, बारा वर्षं इथे.

"क्लबवाले उद्यापासून येऊ नको म्हणाले, ताई. बहिणीच्या लग्नाची बोलणी चाललीत हो. ती काय सगळ्यांसमोर करायची?" मग हळूच म्हणाला, "गुडघ्याचं मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही रोज विचारायचात म्हणून."

"आणि मी फक्त देवाच्या कानावर घातलं."

"मग वरूनच लीक झालं म्हणायचं," जहूर हसला आणि निघून गेला.

नोकरी गेलेला माणूस असा हसतो? बाईंना ते हसणंही खटकलं.

गुरुवारी सकाळी हेन्नो स्वतः आला. जप पुरा होईपर्यंत बाईंचं मौन असे. तोवर स्वयंपाकघरातली कामंसुद्धा त्या फोनवर एका बोटानं लिहून सांगत. हेन्नोला ते ठाऊक होतं. त्यानं आधी दार लावून घेतलं, मग वाकून उजव्या पायाचा मोजा खाली केला.

"गुडघा आता बरा आहे, मॅडम," तो सावकाश इंग्रजीत म्हणाला. "पण काल हा घोटा मुरगळला. डॉक्टरलाही बोललो नाही. आता कुणावरच भरवसा नाही. फक्त तुमच्यावर. माझ्यासाठी प्रार्थना कराल?"

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी त्याच्या कपाळाला अंगारा लावला आणि मान हलवली. तो लंगडत दारापर्यंत गेला. दाराबाहेर पाऊल टाकताच मात्र कुणाला कळू नये म्हणून ताठ चालू लागला.

बाई दत्ताच्या तसबिरीसमोर बसल्या. संकल्पात नाव, गाव, दुखणं सगळं स्पष्ट सांगावं लागतं, मोघम बोललेलं पोचत नाही, असं त्यांच्या आईनं शिकवलं होतं. आणि संकल्प होता एकशे आठ माळांचा. तो काही एकटीच्यानं होणारा नव्हता.

त्यांनी फोन उघडला आणि सामूहिक जपाच्या ग्रुपवर एका बोटानं लिहिलं: "हेन्नो, एस्टोनिया. डावा गुडघा बरा. आता उजवा घोटा, बाहेरची बाजू. उद्याच्या मॅचसाठी प्रत्येकीनं एक माळ करावी."

दोनशे चौदा जणींना मेसेज गेला.

पहिलं उत्तर नेहमीप्रमाणे अबुधाबीच्या इशिताचं आलं. "घेतली माळ, ताई. आमच्या ह्यांनाही लगेच सांगते. ते इथल्या टीमला मॅचचे व्हिडिओ बघून प्लॅन करून देतात ना, रोज उठले की आधी हेन्नोचीच चौकशी करतात."