आतून पार नवं

म्हातारा वेटर सुलेखापुढे कप ठेवून गेला. "मॅडम, तुमचा बिनसाखरेचा चहा! इतक्या वर्षांनी आलात, पण आम्ही नाय विसरलो हां," असं तो कौतुकानं म्हणाला होता, आणि नवऱ्यानं नुसती मान डोलावली होती.

सुलेखा या जहाजावर पहिल्यांदाच आली होती. पूर्वी नवऱ्यासोबत यायची ती त्याची पहिली, दिवंगत बायको. जहाज आतून पार नवं केलंय, हे कळल्यावरच सुलेखा यायला राजी झाली होती. गालिचे, पडदे, आरसे. त्या बाईचा हात लागलेलं काहीच उरलं नव्हतं. उरला होता तो हा वेटर.

"मी ती नाही, एवढं सांगायला जड गेलं तुला?"

"कशाला म्हाताऱ्याचा हिरमोड? पी, गार होतोय."

मेलेल्या माणसाचा हेवा करू नये, हे तिलाही कळत होतं. पण त्या चुकीसरशी नवऱ्याच्या चेहऱ्यावर उजळलेलं सुख तिनं पाहिलं होतं. लग्नापासून तिच्यासाठी ते कधीच उजळलं नव्हतं.

"कुणी प्यायचा? मी, की तिनं?"

तो उठला आणि डेककडे चालू लागला.