फोस्काकडे जाऊ नका

“फोस्काकडे? छे छे! तिकडे चुकूनही फिरकू नका,” लेआर्को न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावर फेस लावत म्हणाला. “तिच्या हातचा रस्सा म्हणजे निव्वळ कोमट पाणी. सरळ स्टेशनकडे जा, तिथे बरं मिळतं.”

गिऱ्हाईक परगावचं होतं. उच्चार उत्तरेकडच्या डोंगरांतला, वागणं मऊ. या गल्लीत जेवायला कुठे जावं आणि समोरची फोस्काची खाणावळ कशी आहे, एवढंच त्याने विचारलं होतं.

“पण वास तर छान येतोय,” पाहुणा गोंधळून म्हणाला.

“तो शेजारणीच्या स्वयंपाकघरातला,” लेआर्कोने ठोकून दिलं.

दाढी आटोपून पाहुणा गेला. लेआर्कोने दुकानाला कुलूप लावलं, रस्ता ओलांडला आणि रोजच्यासारखा फोस्काकडे जाऊन बसला. तिच्या रश्शातले तोर्तेल्लिनी, म्हणजे मांसाचं सारण भरलेल्या पिठाच्या इवल्या गुंडाळ्या, खाल्ले नाहीत तर त्याला जेवल्यासारखं वाटत नसे.

त्याला खोटेपणाची लाज वाटली नाही. अख्खी गल्लीच असं खोटं बोलत असे. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे बोलोन्या शहरातल्या माणसाला कोणी शिकवावं लागत नाही. कोपऱ्यावरच्या खाणावळीचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. कोणीतरी इंटरनेटवर तिची वाहवा केली आणि चाकांच्या बॅगा ओढत परदेशी पाहुण्यांची रांग लागली. जुन्या गिऱ्हाइकांना बसायला खुर्ची उरली नाही. वर त्या मालकाने पाहुण्यांच्या आवडीसाठी तोर्तेल्लिनीवर साय ओतायला सुरुवात केली. साय! बायको टाकून पळालेल्या भावाला बोलोन्यात क्षमा आहे, याला नाही.

तेव्हापासून फोस्काचं नाव बाहेरच्याला सांगायचं नाही, असं ठरून गेलं होतं. बिचाऱ्या फोस्काला यातलं काहीच माहीत नव्हतं. दुपारी गल्ली जेवून जाई आणि संध्याकाळी टेबलं रिकामी राहत. “माझ्याकडे वाट चुकूनसुद्धा बाहेरचं कोणी कसं येत नाही रे?” ती विचारायची. सगळे खांदे उडवायचे.

जेवून बाहेर पडताच पेपरवाली इव्होन हिने लेआर्कोला हाक मारली.

“तो डोंगरातला माणूस मलाही विचारत होता रे. फार्मसीतही जाऊन आला. नुसतं जेवायचं तर इतक्यांना विचारतं का कोणी?”

“मग तू काय सांगितलंस?”

“म्हटलं, तिथे जेवलात तर दोन दिवस अंथरूण धराल.”

“शाब्बास!” लेआर्को म्हणाला आणि त्याने आवाज खाली आणला. “हा त्या खाण्यापिण्याच्या गाईडवाल्यांपैकी असणार. मेलो आपण!”

“पण हा फोटो काढत नाही की काही लिहीत नाही. नुसता खिडक्यांकडे बघत उभा राहतो.”

दोघांनाही कोडं सुटेना. पण आपली खुर्ची जाण्यापेक्षा फोस्काचं नाव गेलेलं परवडलं, असं म्हणून दोघं आपापल्या कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी पाहुणा पुन्हा लेआर्कोच्या खुर्चीत येऊन बसला. केस वाढलेले नव्हतेच.

“म्हणजे इथली माणसं फोस्काकडे जातच नाहीत?”

“कुत्रंसुद्धा जात नाही.”

“आणि समजा, उद्या ती खाणावळ बंद पडली तर?”

लेआर्कोची कात्री क्षणभर थांबली. हे काय विचारणं? पण एकदा थाप मारायची म्हटल्यावर कच्ची कशाला मारायची?

“तर गल्ली सुटकेचा निःश्वास टाकेल, साहेब. मी स्वतः बाटली उघडीन.”

लेआर्कोला पाहुण्याचा चेहरा उतरल्यासारखा वाटला, पण का, ते त्याला कळेना. पाहुण्याने इव्होनलाही तेच विचारलं, आणि तिनेही न ठरवता तेच उत्तर दिलं. संध्याकाळी दोघांनी एकमेकांची पाठ थोपटली.

शुक्रवारी दुपारी फोस्काकडे सगळी टेबलं भरली होती. दार उघडलं आणि पाहुणा आत आला. इव्होनने वाडग्यात तोंड खुपसलं. लेआर्कोने नॅपकिन नाकापर्यंत ओढला.

फोस्काला मात्र आनंद आवरेना. “या, या! नवा माणूस! ए लेआर्को, सरक जरा, साहेबांना बसू दे.”

पाहुणा लेआर्कोच्या समोरच बसला. तोर्तेल्लिनी आले. पहिला चमचा तोंडात गेला आणि त्याने डोळे मिटले. मग त्याने मान वर करून न्हावी, पेपरवाली आणि पांढऱ्या कोटातली फार्मसीवाली अशा एकेकाकडे पाहिलं.

“तुम्ही? सगळे? इथे?”

लेआर्को हसला. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

“जिंकलात तुम्ही. बाहेरच्या प्रत्येकाला आम्ही हेच सांगतो, नाहीतर आम्हाला जागा कुठे मिळणार? ही बाई नसेल तर आम्ही उपाशी मरू, साहेब. पाया पडतो, तेवढं त्या गाईडमध्ये लिहू नका.”

“कुठलं गाईड?” पाहुणा आणखीच गोंधळला. “मी तिकडे डोंगरात, बोल्झानोला दातांचा डॉक्टर आहे. आत्या वारली आणि ही इमारत माझ्या नावावर झाली. कोण्या हॉटेलवाल्यांना हा तळमजला हवा होता. फोस्काबाई इथल्या भाडेकरू, म्हणून त्यांना फोनवर विचारलं, तुम्हाला का ठेवू? त्या म्हणाल्या, मला कशाला विचारता, गल्लीला विचारा.”

आतून फोस्काने हाक मारली, “साहेबांना अजून वाढू का रे?”

“मी विचारलं,” पाहुणा हळूच म्हणाला. “सगळ्यांना विचारलं. आज सकाळी हॉटेलवाल्यांच्या कागदावर सही करून आलो.”