सुरतेचा फोटो

"भाऊ, या दोन्ही फोटू देख. एकच शेतस ना?"

तानुबाईनं पदरात गुंडाळून आणलेले दोन फोटो काउंटरवर ठेवले. सकाळच्या एसटीनं ती एरंडोलहून धुळ्याला आली होती आणि विचारत विचारत सुकदेवच्या स्टुडिओत पोचली होती.

"जळगाव जवळ पडलं असतं, अक्का."

"तठे माले बठ्ठा लोक वळखतस."

दोन्ही फोटोंत एकच तरुण, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा. तिचा मुलगा पुना. लग्नाला वर्ष होतं न होतं तोच सुरतेच्या गिरणीत गेला, त्याला बारा वर्षं झाली; तो परतलाच नव्हता. घरात आता ती आणि सून बेबा, दोघीच.

"हाऊ भितवरना. आनि हाऊ सुरतथून टपालमा उना, आसं समज." तिनं दुसऱ्या फोटोवर बोट ठेवलं. "नवा शे ना?"

तिला काय विचारायचंय, ते सुकदेवच्या ध्यानात आलं. फोटो नवा असेल, तर तो काढून घेणाराही कुठेतरी असणार.

त्यानं दोन्ही फोटो खिडकीशी नेले. सत्त्याऐंशी साल होतं. रंगीत फोटो आल्यापासून असे तपकिरी टोन केलेले फोटो त्याच्या हाताखालून गेलेच नव्हते. भिंतीवरच्या फोटोचा रंग कातासारखा गडद, सावल्यांतही कोटाची शिवण दिसत होती. दुसऱ्याचा तपकिरी पिवळटाकडे झुकलेला, चेहरा धुऊन निघाल्यासारखा. टोनिंग घाईत झालं होतं.

जुन्या फोटोवर पुनाच्या खांद्यावरून एक तडा गेला होता. सुकदेवच्या नखाला तो लागला. नव्या फोटोतही तोच तडा दिसत होता. त्यावरून मात्र बोट गुळगुळीत फिरलं.

फोटोचाच फोटो. घरातल्याच कुणीतरी भिंतीवरून उतरवून केलेला. म्हातारीशी असा खेळ कोण करतं? त्याला संताप आला.

"घरना फोटूवरथून तं करेल नही ना?" तानुबाई त्याच्या तोंडाकडे टक लावून होती. तिची बोटं काउंटरच्या कडेला घट्ट आवळली होती.

सुकदेवनं भिंग खाली ठेवलं. पस्तीस वर्षांच्या धंद्यात त्यानं गिऱ्हाइकाला कधी खोटं सांगितलं नव्हतं.

"नाही अक्का. मूळ निगेटिव्हवरूनच केलाय. जपून ठेवली असणार त्यानं."

तिनं मोठा श्वास सोडला. आता ती रडेल म्हणून त्यानं स्टूल पुढे सरकवलं. ती बसली नाही. फोटो पुन्हा पदरात गुंडाळत म्हणाली, "बरं व्हयनं. तुन्हासारखा जानकारले समजनं नही, तं मन्ही सूनले काय समजी?"

"म्हणजे?"

"जळगावले मीच करी लिधा हाऊ. आते सुरतना ट्रकवालाजोडे देसू, तो तठे टपालमा टाकी." दारात ती क्षणभर थांबली. "पुना मरी गया, त्याले आठ वरीस व्हयनात, भाऊ. बेबा आजून कुकू लावस."