दाखला

महायुद्धात पेट्रोल मिळेनासं झालं आणि मोटारी लाकडी कोळशाच्या गॅसवर धावू लागल्या, तशी कोळसा पाडणाऱ्या माणसांची वानवा पडली. पुण्याहून वीस जण वेल्ह्याच्या रानात शिकायला आले आणि शिकवायला होता तिथलाच जुना कोळसेवाला म्हादू. भट्टीचा धूर पांढरा असेतो थांबायचं, निळा झाला की लगेच भट्टीची हवेची भोकं बुजवायची, नाहीतर कोळशाची राख. एवढं एकच त्याने महिनाभर घोकून घेतलं. शेवटी परीक्षा ठरली. "तूही बस," जंगलखात्याचा साहेब म्हादूला म्हणाला.

म्हादू हसला. "ज्यास्नी शिकवलं त्यांच्याच पंगतीला म्या कसा बसू, साहेब?"

दिवाळीनंतर हुकूम निघाला, की परीक्षेच्या दाखल्याशिवाय कुणी भट्टी लावायची नाही. म्हादूची भट्टी धुमसत होती, तेव्हाच त्या विसांतले वामनराव तपासनीस होऊन डोंगर चढून आले. त्यांनी दाखला मागितला. म्हादूने काजळीने माखलेले दोन्ही हात पुढे केले. शिपायाने त्याच हातांना दोरी बांधली.

खाली उतरताना म्हादूने मागे वळून पाहिलं. "रावसाहेब, धूर बदलला. माझं हात बांधल्यात, तुमी तरी भोकं बुजवा."

वामनरावांनी वळून भट्टीच्या धुराकडे पाहिलं. मग शिपायाला ऐकू जाणार नाही अशा बेताने त्यांनी विचारलं, "निळा म्हणजे हाच का, म्हादू?"