आत्याची पाठ

"ताई, भिंतीला काय टेकून बसलीस? आत्याशिवाय बारसं व्हायचं का?" भावानं हाक मारली तशी विशाखा उठली.

सासर सोडून तिला चार वर्षं झाली होती. नवऱ्याचा पहिला फटका नेहमी पाठीतच बसायचा, म्हणून अजूनही ती कुठेही गेली तरी भिंतीला पाठ लावूनच बसे. आज पाळण्याची फुलं तिला दिसली नव्हती, बाळाचं तोंडही नाही. दिसत होते ते फक्त बायकांचे हात. आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, तेव्हा तिच्या पाठीत लाडानं धपाटे घालायची रीत. बांगड्या मागे सारून बायका तयारच होत्या.

गंमत असते, गंमत, असं मनाला बजावत ती पाळण्यावर वाकली. "कुर्रर्र..." म्हणाली, नाव ओठांवर आलं, तोच पहिला धपाटा बसला. मग हसत हसत दुसरा, तिसरा.

"काय नाव ठेवलंस गं?" सगळ्यांनी एका सुरात विचारलं.

विशाखा मान वर करेना. पाळण्याची दोरी धरलेल्या वहिनीचं हसू मात्र मावळलं होतं. तिनं ऐकलं होतं. बाळाच्या कानात नाव गेलंच नव्हतं. "मारू नका हो," एवढंच गेलं होतं.